तारीख नसलेला राजीनामा

बिश्केक, १२ सप्टेंबर

प्रिय जेने,

आपल्या गावच्या झोल्दोशच्या गाडीतून आपाच्या गुडघ्यांचं मलम पाठवतेय. मलम आपाला दे, पण हे पत्र तिच्या नजरेस पडू देऊ नकोस. फोनवर यातलं काही बोलता येत नाही. तू फोन उचललास की आपा मागून ओरडते, "मोठ्यानं लाव, मलाही ऐकू दे," आणि मग मी सगळं झकास चाललंय म्हणते. आता इतकी सवय झालीय की परवा बसमध्ये एका अनोळखी म्हातारीनं "कशी आहेस पोरी" विचारलं, तर तिलाही झकास म्हणाले.

झकास नाहीये. आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये वसंतात नवा प्रमुख आला, मेदेत सामातोविच. चाळिशीचा आहे, कपडे टापटीप, पेशंटशी मधासारखं बोलतो. आमच्याशी मात्र तोंडाला येईल ते. सोमवारी माझ्या हातून एक नळी निसटून फुटली. चूक माझी, नाही कुठे म्हणते? पण सगळ्या पेशंटांसमोर तो किंचाळला, "ए मिर्क! मेंढ्या राखायच्या सोडून इथे कशाला तडफडलीस?" मिर्क म्हणजे डोंगरातून उतरलेलं गावंढळ जनावर, हे तुला सांगायला नको. मग शिक्षा म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला बाहेर कोटांच्या खुंटाळ्याजवळ उभं केलं. दोन पेशंटांनी विचारलं, तुमचा नंबर कितवा?

हे एकदाच झालं असतं तर लिहिलं नसतं. आठवड्यातून कुणीतरी एक उभी असते, बहुतेकदा मीच. रोज एक लेखी खुलासा मागतो, वाचतो, टराटरा फाडतो आणि पुन्हा लिही म्हणतो.

माझा भाऊ सागिन गेला तरी तू माहेरी परतली नाहीस, आपाजवळ, माझ्या आईजवळ राहिलीस. तरीही आज जेने म्हणून, भावाची बायको म्हणून नाही, नारिनच्या कोर्टात न्यायाधीशाशेजारी बसून आयुष्यभर नोंदी केलेली बाई म्हणून तुला विचारते. कायद्यात याला काही म्हणतात का? की हे असंच असतं?

तुझी बुरुल

---

अत-बाशी, १८ सप्टेंबर

धाकुले,

मलम पोचलं. आपानं ते गुडघ्याला लावलेलं नाही, कपाटात मांडलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, "मुलीनं राजधानीतून धाडलंय."

कायद्यात याला बरंच काही म्हणतात गं. पण नुसतं म्हणून काही होत नाही, हेही माझ्याकडूनच ऐकून ठेव. पहिली वाट म्हणजे त्याच्या वरच्याकडे लेखी तक्रार. तोंडी तक्रार ही पाण्यावरची रेघ. दोन प्रती करायच्या, एकीवर पोचल्याचा शिक्का घ्यायचा. वरचा ढिम्म राहिला तर कामगार निरीक्षकाकडे जायचं. ती माणसं शिव्यांकडे फारसं बघत नाहीत, पण उभं करण्याची शिक्षा कुठल्या नियमात बसते हे त्याला विचारू शकतात. तिसरं कोर्ट. अब्रूचा दावा लावता येतो, पण तो म्हणणार, मी असं बोललोच नाही. म्हणून ज्यांनी ऐकलंय ती माणसं हवीत. आतल्या खोलीत दहाजणी "हो गं बाई" म्हणतील. बाहेर येऊन म्हणणाऱ्या दोघी शोध.

आणि शेवटची वाट म्हणजे दार. कोट चढवायचा आणि निघायचं. तीही कायद्यातलीच वाट आहे. मी पाहिलेली बहुतेक माणसं त्याच वाटेनं गेली, आणि त्यांना हरलेलं म्हणायची माझी तयारी नाही. तुझी लढायची ताकद नसेल तर सरळ सांग. इथे तुझं अंथरूण आहे.

नळी फुटली ती तुझी चूक, खुंटाळ्याजवळ उभं केलं ती त्याची. या दोन्हींची गाठ मारू नकोस. तू लहानपणापासून मारतेस.

एक विचारते. नोकरीला लागताना कशाकशावर सही केली होतीस?

उल्कान

---

बिश्केक, २९ सप्टेंबर

प्रिय जेने,

तक्रार दिली. दोन प्रती, एकीवर शिक्का. संचालकाच्या चिटणीस बाईनं शिक्का असा उमटवला, जणू मी तिच्या ताटातला घास काढून घेतलाय.

तिघी सही करणार होतो. आदल्या दिवशी चहाच्या वेळी दोघी म्हणाल्या, "बुरुल, तूच दे. तुझ्या मागे नवरा नाही, पोरं नाहीत, तुला काय!" घटस्फोटाचा असाही उपयोग होतो, हे मला माहीत नव्हतं. समोरच्या टेबलावरची तुर्सुनाय, जी पेशंटांची नावं लिहून घेते, ती तर हसलीच. ती नेहमी हसते. तो मला मिर्क म्हणाला तेव्हाही हसली होती. त्याला चहा तीच नेऊन देते, दोन चमचे मध घालून. त्याच्या शिव्यांपेक्षा तिचं हसणं मला जास्त लागतं, खरं सांगते.

आता तू विचारलंस ते. लागताना करारावर सही केली आणि आणखी एक कागद लिहून दिला. "माझ्या स्वतःच्या इच्छेने मी नोकरी सोडत आहे, कृपया मुक्त करावे." खाली सही. तारीख नाही. सगळ्यांकडूनच घेतात. तेव्हा तुर्सुनायच म्हणाली होती, "नुसती पद्धत आहे गं, घाबरू नकोस." मला पगाराची नोकरी हवी होती, मी लिहून दिला.

तू रागावशील म्हणून आधी सांगितलं नव्हतं.

बुरुल

---

अत-बाशी, ४ ऑक्टोबर

धाकुले,

रागावले, आणि पत्र ठेवून गोठ्यात जाऊन आले. गाय बिचारी विनाकारण बोलणी खाऊन बसली.

नीट वाच. तो कागद म्हणजे तुझ्या मानेवर ठेवलेली सुरी आहे, आणि ती तू स्वतः धार लावून दिलीस. आता तू तक्रार केलीस, म्हणजे तो ती उचलणार. हे पत्र मिळाल्याबरोबर, चहा उकळत असेल तर उकळत ठेवून, संचालकाच्या नावे लिही की लागताना माझ्याकडून बिनतारखेचा राजीनामा घेतला होता, तो मी मागे घेते, नोकरी सोडायची माझी इच्छा नाही. पोस्टात जा, पोचपावती घेऊन धाड. राजीनामा मागे घेता येतो, पण तो वापरला जाण्याआधी.

त्याच दिवशी निरीक्षकाकडे जा. दमलीस, कळतंय. पण हे दमणं एक दिवस पुढे ढकल.

उल्कान

---

बिश्केक, २० ऑक्टोबर

प्रिय जेने,

उशीर झाला, माफ कर. कामात होते. इकडे सगळं निवळलंय. मेदेत सामातोविच हल्ली गप्प असतो, बहुतेक संचालकानं कान पिळलेत. तू सांगितलेलं सगळं केलं. काळजी करू नकोस.

आपासाठी लोकरीचे पायमोजे पाठवलेत. हिवाळा लवकर येणार म्हणतात. दोलोनच्या घाटात बर्फ पडलं का?

तुमची बुरुल

---

अत-बाशी, २४ ऑक्टोबर

बुरुल,

नावानं हाक मारतेय, बघ. नवऱ्याकडच्या माणसाला जेने नावानं हाक मारत नाही, हे आपापासून चोरून लिहितेय.

शुक्रवारी भर दुपारी झोल्दोशनं तुला ओश बाजारात पाहिलं. एका खानावळीच्या मागच्या दारात तू बादलीभर गाजरं सोलत बसली होतीस. त्यानं हाक मारली तर तू तोंड फिरवलंस. त्यानं आपल्या दारात पायमोजे दिले, चहा घेतला आणि जाताना मला बाजूला घेऊन हे सांगितलं. चांगला मुलगा आहे, आपासमोर बोलला नाही.

लॅबमधल्या बाया शुक्रवारी दुपारी पुलावाची गाजरं सोलत नाहीत.

त्यानं कुठली तारीख टाकली? मला खोटं लिहिलंस याचं भांडण नंतर करू. कामावरून काढलेल्या माणसाला कोर्टात जायला फार मुदत नसते, आणि ती तुझ्या लाजेसाठी थांबत नाही. आलेल्या गाडीनं उत्तर धाड.

उल्कान

---

बिश्केक, २६ ऑक्टोबर

जेने,

नऊ ऑक्टोबर.

तुझं पत्र मला सहा तारखेला मिळालं होतं. मी कागद लिहिलासुद्धा. कामावरून सुटल्यावर पोस्टात गेले, तर दारापर्यंत रांग. त्या दिवशी त्यानं तीनदा खुलासा लिहून घेतला होता, मी दमले होते. म्हटलं, सोमवारी येईन. सोमवारी त्यानं बोलावलं. टेबलावर माझा कागद होता, माझं अक्षर, माझी सही. वर तारीख निळ्या शाईत, ताजी. म्हणाला, "तुझी स्वतःची इच्छा होती ना? पुरी झाली. आता जा मेंढ्यांकडे."

उत्तरं मी त्याला नंतर वाटेत देत होते, जिन्यात, बसमध्ये, अंथरुणात. रखवालदारानं पांढरा डगला काढून घेतला. तुर्सुनाय वहीत डोकं घालून बसली होती.

तुला कसं सांगणार? तू म्हणाली होतीस एक दिवस दमणं पुढे ढकल, आणि तेवढंही मला जमलं नाही.

निरीक्षक कार्यालयात काल गेले. तिथली बाई माझ्यापेक्षाही दमलेली होती, तिच्या टेबलावर फायलींचा ढीग, त्यावर अर्धा खाल्लेला समोसा. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या हातात एवढंच आहे की मी पत्र पाठवीन. ते उत्तर देतील की बाई आपणहून गेली. सही तुमचीच ना? मग कोर्टात जा. वेळ घालवू नका." मग उठून मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "जा खरंच. सगळ्याजणी इथपर्यंत येतात आणि घरी जातात."

जाऊ का?

बुरुल

---

अत-बाशी, २९ ऑक्टोबर

धाकुले,

जा. मुदत अजून आहे. दाव्याचा मसुदा सोबत जोडलाय, हातानं उतरवून काढ, सही कर आणि लगेच दाखल कर. नोकरीच्या दाव्याला कामगाराला फी पडत नाही, कुणी मागितली तर देऊ नकोस. मागणी एकच ठेवलीय, कामावर परत घेणं. अब्रूचं त्यात कालवू नकोस. तुझ्या तोंडून ते दहादा वदवून घेतील आणि तू रडशील.

पोस्टाच्या रांगेतून परत फिरलीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मीही एकदा दवाखान्याच्या रांगेतून सागिनला घेऊन परत फिरले होते. माणूस दमतो.

गाजरं सोल, पण सोमवारी कोर्टात.

उल्कान

---

बिश्केक, ६ डिसेंबर

प्रिय जेने,

पहिली तारीख पार पडली. पाच मिनिटं. त्यांचा वकील कोवळा पोरगा आहे, मिशी नुकती फुटलेली. त्यानं माझ्या नाकासमोर कागद धरला. "हे अक्षर तुमचं?" हो. "सही तुमची?" हो. "लिहिताना कुणी हात धरला होता?" नाही. न्यायाधीशीण बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "साक्षीदार आहे?" मी म्हटलं, असे कागद सगळ्यांकडूनच घेतलेत. "मी साक्षीदार विचारला," त्या म्हणाल्या. जानेवारीतली तारीख दिली.

मी ज्यांना-ज्यांना फोन केला त्या सगळ्यांची पोरं आजारी आहेत. जुन्या मैत्रिणीनं तर फोन उचलून मुलाच्या आवाजात सांगितलं, "आई घरी नाही."

बाहेर तो पोरगा वकील माझ्यामागे आला. म्हणाला, दावा मागे घ्या, उत्तम शिफारसपत्र मिळेल, दुसरीकडे लागाल. त्याच्या बोलण्यात आगाऊपणा नव्हता, खरंच भलं सुचवतोय असं वाटलं. जेने, मला ते घ्यावंसं वाटतंय. गाजरांनी बोटं पिवळी झालीत. दावा जिंकून मला मिळणार काय? तोच माणूस आणि तोच खुंटाळा.

आणि आपाला काय झालंय? दोन रविवार झाले, फोनवर नुसतं "हं" म्हणते. मी झकास म्हटलं तरी "हं." तिला बरं नाहीये का? तू काही लपवतेयस का?

बुरुल

---

अत-बाशी, ११ डिसेंबर

धाकुले,

लपवतेय. तुझ्याच शेजारी बसून शिकले म्हण.

नोव्हेंबरच्या मध्यावर कोच्कोरहून दोन पाहुणे आले. पांढऱ्या टोपीतला एक भारदस्त म्हातारा आणि एक थकलेली बाई. हातात मिठाईचा डबा आणि कोटाचं महागाचं कापड. तुझ्या मेदेत सामातोविचचे मामा आणि आई. आपलं घर शोधायला त्यांना काय लागतं? चार ठिकाणी विचारलं की पत्ता लागतो.

मी चुलीपाशी गार पडले. आपाला काहीच ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते. पाहुणा म्हणून आत घेतलं, दस्तरखान पसरलं, त्यावर तळलेले बोर्सोक, साय, चहा. मामांनी सुरुवात केली. पोरं पोरांत भांडतात, मोठ्यांनी मिटवायचं असतं, कोर्टात कुणाची अब्रू वाढते, दोन्ही घरांना लाज. मुलीला सांगा, कागद मागे घे.

मी मान डोलावली, धाकुले. खोटं का सांगू? शेजारच्या घराचा पडदा हललेला मला दिसत होता. वाटलं, तू थकलीयस, इथे मिटत असेल तर मिटू दे. मी मनात तुला पत्रही लिहायला घेतलं.

आपा इतका वेळ चहा ओतत होती. मग कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुमचा मुलगा माझ्या मुलीला काय म्हणतो?"

मामा हसले. "तरुण रक्त, एजे. काहीतरी बोलला असेल."

"काहीतरी नको. तो जो शब्द बोलतो तो इथे उच्चारा. माझ्या दस्तरखानावर, अन्नासमोर. तुम्हाला उच्चारता आला, तर तो शब्द साधा आहे असं मी समजेन आणि आजच तिला फोन करीन."

मामांनी बाईकडे बघितलं, बाईनं कपाकडे. स्वतः कोच्कोरच्या डोंगरातला मेंढपाळाचा मुलगा तो म्हातारा, अत-बाशीच्या डोंगरातल्या बाईच्या घरात बसून मिर्क कसा म्हणेल? मग म्हणाला, "ते शहरातलं बोलणं आहे हो."

"मग शहरातच निस्तरा," आपा म्हणाली. "चहा घ्या, गार होतोय."

कापड परत गेलं. मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले. मामा तोंड पाडून गाडीकडे चालू लागले. ती बाई बूट चढवत मागे राहिली. वर न बघता मला म्हणाली, "तो मलाही तसंच म्हणतो."

आत आले तर आपा दस्तरखान झटकत होती. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, "ती झकास म्हणायच्या आधी श्वास घेते. सप्टेंबरपासून घेतेय." तुला कळवू नकोस म्हणून मला तंबी दिली. तू आमच्यासाठी लढतेयस असं तुला वाटायला नको, म्हणून. फोनवर ती हं म्हणते, कारण दुसरं काही म्हटलं तर तिला रडू येईल.

आता शिफारसपत्र. घ्यावंसं वाटलं तर घे. मी खरंच सांगतेय. आम्ही दोघी तुला काही म्हणणार नाही. पण जानेवारीपर्यंत थांबून घे.

उल्कान

---

बिश्केक, २२ जानेवारी

प्रिय जेने,

घाट बंद आहे असं झोल्दोश म्हणतो, त्यामुळे हे तुला कधी मिळेल कोण जाणे. फोनवर निकाल सांगितलाच, पण तो कसा लागला ते आपासमोर नीट सांगता आलं नाही. मी रडत होते आणि ती ओरडत होती, "मोठ्यानं बोल!"

माझ्या बाजूनं कुणीच नव्हतं. शिफारसपत्र घ्यायचंच असं ठरवून गेले होते. वकिलाला गाठून "ठीक आहे" म्हणणार, तेवढ्यात दार उघडलं आणि तुर्सुनाय आत आली. नवा कोट, ओठांना रंग, जणू लग्नाला निघालीय. मला वाटलं, त्यांची साक्षीदार.

ती थेट पुढे जाऊन म्हणाली, "मला बोलायचंय. माझाही आहे. सगळ्यांचे आहेत, त्याच्या टेबलाच्या खणात."

वकील उठला. "तुम्ही खण उघडून पाहिलाय?"

"पाहायचं कशाला? नवी मुलगी आली की कागद पुढे मीच करते. घाबरू नकोस, पद्धत आहे, असं मीच सांगते. हिलाही सांगितलं होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि नऊ तारखेला त्यानं माझं पेन मागून घेतलं. निळं. माझ्यासमोर तारीख टाकली आणि पेन परत दिलं."

न्यायाधीशीण बाईंनी चष्मा काढला. "हे सांगितल्यावर तुमच्या नोकरीचं काय होईल, कल्पना आहे?"

"नोकरी सकाळीच सोडून आलेय," तुर्सुनाय म्हणाली. "आज तारीख मी स्वतः टाकली."

संध्याकाळी निकाल दिला. कामावर परत घ्या.

बाहेर बर्फ पडत होतं. मी तिच्यामागे धावले. तिचे आभार मानावेत की तिच्या झिंज्या उपटाव्यात, मला कळेना. विचारलं, तू हसायचीस का गं? ती म्हणाली, "हसलं की तो पुढच्या टेबलाकडे जायचा." मग जरा थांबून म्हणाली, "पुढचं टेबल तुझं होतं." आणि बसस्टॉपकडे निघून गेली. तिथे ती कोटाची कॉलर वर ओढून उभी राहिली, एवढं मी पाहिलं. जवळ मात्र गेले नाही.

सोमवारपासून कामावर.

बुरुल

---

अत-बाशी, १६ फेब्रुवारी

धाकुले,

घाट उघडला, पत्र मिळालं. आपानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. आता आपल्या घरात चोरून काही वाचायचं उरलं नाही. तुर्सुनायपाशी आली तेव्हा म्हणाली, "त्या मुलीला कुरुत पाठव." सोबत दह्याच्या या वाळवलेल्या गोळ्यांच्या दोन पिशव्या आहेत. एक तिला नेऊन दे. मनातून माफ केलं नसलंस तरी दे.

तो कसा वागतो? खरं लिही. आता झकास चालणार नाही.

उल्कान

---

बिश्केक, २४ मार्च

प्रिय जेने, आणि आपा (तू ऐकतेयसच),

नोरुझचा सण पार पडला, गव्हाच्या मोडांचं सुमोलोक एकटीनंच खाल्लं. कुरुत तुर्सुनायला दिलं. ती एका औषधाच्या दुकानात लागलीय. आम्ही दारातच बोललो, हवेबद्दल.

खरं लिहिते. तो दीड महिना मला "बुरुल सापारबेकोव्हना" म्हणत होता, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. एकदाही आवाज चढवला नाही. तरी त्याची पावलं जिन्यात वाजली की माझा हात आपोआप नळ्या घट्ट धरायचा. ज्या दोघींनी सही केली नव्हती त्या आता माझ्यासाठी चहा आणतात, आणि तोही मला गोड लागत नाही. खणातले कागद मात्र संचालकानं प्रत्येकीला परत दिले. आम्ही ते मागच्या अंगणात जाळले. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थंडी होती, हात शेकून आत गेलो.

नोरुझच्या आधी त्याची बदली झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत. माफी कुणी मागितली नाही. मी घरी येऊन बारा तास झोपले. वाटलं, सुटले.

काल सुट्टी होती. दार वाजलं. दोन अनोळखी बाया, एक माझ्या वयाची, एक अगदीच तरुण. त्याच शाखेतल्या. माझा पत्ता कुणी दिला ते त्यांनी सांगितलं नाही, पण थोरलीच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी होती. म्हणाली, "आम्ही ऐकलं, तुम्हाला माहीत आहे काय करायचं ते."

जेने, मला दार लावून घ्यायचं होतं. ओठांवर आलं होतं की माझं झालंय, आता मला सोडा. थोरलीनं विचारलं, "फार जड जातं का?" मी खोटं नाही बोलले. म्हटलं, जातं. जेवण गोड लागत नाही. जिवाभावाच्या माणसांची पोरं आजारी पडतात आणि डोळ्यांत खुपणारीच कुणी येऊन उभी राहते. जिंकलात तरी सोमवारी त्याच जिन्यानं वर जायचं असतं.

"मग करायचं कशाला?" धाकटीनं विचारलं. तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. खरंच विचारत होती.

याचं उत्तर तुला आलं असतं, आपाला तर नक्कीच. मी नुसती चौकट धरून उभी राहिले. तेवढ्यात त्या पोरीनं श्वास घेतला आणि म्हणाली, "तसं फार काही नाही. ठीक चाललंय तसं."

"बूट काढा," मी म्हटलं. "आत या. पहिल्यापासून सांगा."

बुरुल